शेवटचे कडवे ब्रायनचेच राहू द्या

क्वीन या बँडचा शेवटचा अल्बम कोणता, यावर जुन्या चाहत्यांत सरळ दोन तट आहेत. एका तटाच्या मते तो फेब्रुवारी १९९१ मध्ये आलेला 'इन्युएन्डो'. तेव्हा चौघेही होते, चौघांनी मिळून तो पुरा केला आणि गायक फ्रेडी मर्क्युरीने तो स्वतःच्या कानांनी ऐकला. दुसऱ्या तटाच्या मते शेवटचा म्हणजे ६ नोव्हेंबर १९९५ चा 'मेड इन हेवन'. तो दुकानात आला तेव्हा फ्रेडीला जाऊन चार वर्षे होत आली होती. मी दुसऱ्या तटातला आहे आणि आजवर तिथून हललेलो नाही.

वरवर पाहिले तर हा रिकामटेकड्यांचा वाद आहे. लंडनच्या एका बँडने तीसेक वर्षांपूर्वी काय केले याच्याशी आपला काय संबंध? पण गेल्या काही वर्षांत गेलेल्या गायकांचे आवाज यंत्राने उभे करणे इतके सोपे झाले आहे की, चाहत्यांच्या अड्ड्यावरचा हा प्रश्न आता कोर्टाच्या दारात जाऊन बसला आहे. माणूस गेल्यावर त्याच्या आवाजाचे काय करायचे आणि ते ठरवायचे कुणी? माझ्या मते या प्रश्नाचे बरेचसे उत्तर 'मेड इन हेवन'मध्ये आहे. या अल्बमचे जे बरोबर आहे त्यात आहे, तसे जे चुकले आहे त्यातही आहे.

आधी आक्षेप काय तो पाहू. 'इन्युएन्डो'वाले म्हणतात की हा अल्बमच नव्हे, कपाटातल्या उरल्यासुरल्या टेपा जोडून केलेला माल आहे. यात तथ्य आहे. शीर्षकाचे गाणे आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' ही दोन्ही फ्रेडीच्या १९८५ च्या एकल अल्बममधली. त्याचा आवाज तसाच ठेवून मागचे सगळे संगीत उरलेल्या तिघांनी नव्याने वाजवले. 'हेवन फॉर एव्हरीवन' हे क्वीनचा ड्रमर रॉजर टेलरने 'द क्रॉस' या आपल्या दुसऱ्या बँडसाठी केलेले, त्यात फ्रेडी पाहुणा म्हणून गायला होता. 'टू मच लव्ह विल किल यू' १९८९ च्या 'द मिरॅकल'च्या वेळचे. बाहेरच्या गीतकारांच्या हक्कांच्या गुंत्यात अडकून मागे राहिलेले. 'माय लाइफ हॅज बीन सेव्ह्ड' तर 'स्कँडल'च्या सिंगलची मागची बाजू म्हणून आधीच येऊन गेलेले. आणि सुरुवातीचे 'इट्स अ ब्युटिफुल डे' म्हणजे १९८० मध्ये म्युनिकच्या स्टुडिओत पियानोशी खेळताना फ्रेडीने सहज गुणगुणलेले थोडेसे काही.

म्हणजे निम्म्याहून जास्त अल्बम असा. मग उरले काय? उरला १९९१ चा माँत्रोचा वसंत, आणि माझी सगळी भिस्त त्यावरच आहे.

माँत्रो हे स्वित्झर्लंडमधले जिनीव्हा सरोवराकाठचे गाव. तिथल्या कॅसिनोतला माउंटन स्टुडिओ क्वीनने १९७९ मध्ये विकतच घेतला होता. 'इन्युएन्डो' संपवून, लंडनच्या वार्ताहरांचा ससेमिरा चुकवून फ्रेडी तिथे येऊन राहिला. एड्सने शरीर पोखरलेले होते. जगाला त्याने ते सांगितले मृत्यूच्या आदल्या दिवशी, २३ नोव्हेंबरला. पण बँडमधल्या तिघांना ठाऊक होते. त्या दिवसांबद्दल बँडचा गिटारवादक ब्रायन मेने अनेकदा सांगितले आहे. फ्रेडीचे म्हणणे एवढेच असे की, मला शब्द देत जा, मी गात जातो, मी गेल्यावर तुम्ही बाकीचे पुरे करा. अंगात बरे असेल त्या दिवशी तो स्टुडिओत यायचा, गायचा, परत जायचा. संगीत तयार होण्याची वाट पाहायला वेळ नव्हता म्हणून ड्रम मशीनच्या ठेक्यावर गायचा.

आधी आवाज आणि मागून संगीत! क्वीनच्या सवयीच्या हे अगदी उलट होते. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या १९७५ च्या गाण्याच्या वेळी ज्या माणसांनी थरावर थर चढवत टेप झिजवली, त्यांनी इथे आवाज तेवढा पकडून ठेवला. ते संगीत ऐकायला आपण नसणार, हे गाणाऱ्याला पक्के माहीत होते. गाणाऱ्याची संमती म्हणतात ती याहून स्पष्ट काय असणार?

त्या दिवसांतले 'अ विंटर्स टेल' हे फ्रेडीने स्वतः लिहिलेले शेवटचे गाणे. हंस, डोंगर, धुरांडी, मुले असे खिडकीतून दिसेल ते त्यात आहे. काहींना ते फार गोड वाटते. मलाही पहिल्यांदा नाताळच्या भेटकार्डासारखे वाटले होते. पण मरणाऱ्या माणसाने मरणाचा उच्चारही न करता समोरच्या दृश्याची नुसती यादी करावी, यात एक हट्ट आहे. तो कळायला थोडे वय वाढावे लागते.

आणि मग 'मदर लव्ह'.

हे गाणे १९९१ च्या मे महिन्यातले. फ्रेडी आणि ब्रायनने मिळून लिहिलेले आणि फ्रेडीने मायक्रोफोनसमोर गायलेले अखेरचे. ब्रायन कागदावर ओळी लिहून देई आणि फ्रेडी त्या लगेच रेकॉर्ड करी. आवाज सुरुवातीला खाली, जवळजवळ बोलल्यासारखा आहे. मधल्या भागात तो अचानक असा वर चढतो की, उभे राहणेही कठीण झालेल्या माणसाचा हा आवाज आहे यावर विश्वास बसत नाही. शेवटच्या कडव्याशी आल्यावर फ्रेडी म्हणाला की आता दमलो, थोडा आराम करतो, परत येऊन पुरे करू. तो परत आला नाही.

ते कडवे ब्रायनने गायले. अल्बम ऐकताना तिथे आवाज बदललेला स्वच्छ कळतो. ब्रायनचा आवाज पातळ, जरा नाकातला, फ्रेडीपुढे अगदी साधा. तो फ्रेडीसारखे गाण्याचा प्रयत्नही करत नाही. अंग दुखते आहे पण झोप येत नाही, असे शब्द आहेत. म्हणजे दुखणाईताचे शब्द आता त्याचा धडधाकट मित्र म्हणतो आहे. आपल्याकडे सवाई गंधर्व महोत्सवात थकलेला बुजुर्ग गायक तान अर्ध्यावर सोडतो आणि मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य ती उचलतो, तेव्हा मंडपातल्या कुणालाही तो गुरूचाच गळा आहे असे वाटत नाही आणि तसे वाटावे अशी अपेक्षाही नसते. दम कुठे संपला ते दिसते, पुढे कुणी नेले तेही दिसते. 'मदर लव्ह'मध्ये तेच घडते.

गाण्याच्या शेवटी १९८६ च्या, लंडनच्या वेम्बली स्टेडियममधल्या मैफलीतला फ्रेडी आणि त्याला साद देणारा जमाव येतो. मग क्वीनची आजवरची गाणी सुसाट वेगाने टेप फिरावी तशी सरकतात, फ्रेडीने क्वीनच्या अगदी आरंभी लॅरी ल्युरेक्स या टोपणनावाने गायलेल्या एका जुन्या गाण्याचा तुकडा येतो आणि बाळाच्या रडण्याने सगळे थांबते. हा शेवट मला आजही थोडा जास्तीचा वाटतो. कडव्यानंतर गप्प बसले असते तर चालले असते. पण क्वीनने आयुष्यात संयम कधी पाळला होता म्हणून इथे पाळावा!

ते कडवे १९९५ मध्ये ब्रायनने गायले कारण दुसरा इलाजच नव्हता, असे कुणी म्हणेल. नकलाकार तेव्हाही होते. फ्रेडीच्या जुन्या टेपांतले शब्द तोडून-जोडून ओळ तयार करणेही शक्य होते. याच अल्बममधले 'यू डोन्ट फूल मी' हे गाणे निर्माता डेव्हिड रिचर्ड्सने आवाजाचे तुकडे एकमेकांना सांधून जवळजवळ शून्यातून उभे केले. म्हणजे हाताशी कसब होते आणि ते 'मदर लव्ह'च्या शेवटच्या कडव्यावर वापरले गेले नाही. त्या निर्णयासाठी मी या अल्बमला शंभर गुण देतो आणि 'यू डोन्ट फूल मी'साठी त्यातले वीस कापतो. नाचायला ते गाणे झकास आहे हे कबूल. पण फ्रेडीने ते कधी 'गायले' असे मला म्हणवत नाही.

माझी फूटपट्टी त्यामुळे सोपी आहे. मेलेल्या गायकाचा आवाज वापरताना दोन गोष्टी विचाराव्यात. तो त्या कामासाठी, हे होणार हे माहीत असून गायला होता का? आणि जिथे तो थांबला तिथली शिवण ऐकणाऱ्याला दिसते का? 'मदर लव्ह' आणि 'अ विंटर्स टेल' दोन्हींत उतरतात. 'लेट मी लिव्ह' दुसरीत पूर्ण उतरते, कारण तिथे फ्रेडी, रॉजर आणि ब्रायन कडवी वाटून घेतात. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' पहिलीत नापास होते. १९८५ मध्ये फ्रेडीला ते गाणे क्वीनशिवाय, डिस्कोच्या अंगाने हवे होते. त्याने तसे केले, लोकांपुढे ठेवले, विषय संपला होता. त्यावर ब्रायनची गिटार चढवून ते कितीही तगडे झाले असले, आणि झाले आहे, तरी तो दुसऱ्याच्या पुऱ्या झालेल्या कामात केलेला फेरफार आहे. त्याला विचारता आले असते तर तो कदाचित हो म्हणाला असता. पण 'कदाचित'च्या बळावर असे फेरफार करू नयेत.

हीच फूटपट्टी दुसऱ्यांना लावून पाहा. 'मेड इन हेवन'नंतर महिन्याभरातच, डिसेंबर १९९५ मध्ये, बीटल्सचे 'फ्री अॅज अ बर्ड' आले. जॉन लेननने घरी पियानोवर गाऊन ठेवलेल्या, त्याची पत्नी योको ओनोने दिलेल्या कॅसेटवर बाकी तिघांनी ते बांधले. लेननने ते बीटल्ससाठी गायले नव्हते. बीटल्स तर त्याने सोडून दिली होती. त्याच कॅसेटींतले 'नाउ अँड देन' तेव्हा अर्धवट सोडण्यात आले. त्या तिघांतल्या जॉर्ज हॅरिसनला त्याचा दर्जा पटत नव्हता हे त्यांच्यातल्याच पॉल मॅकार्टनीने सांगितले आहे. पुढे जॉर्जही गेला. २०२३ मध्ये यंत्राने लेननचा आवाज पियानोपासून वेगळा काढला, जॉर्जने १९९५ मध्ये वाजवलेली गिटार जोडली आणि गाणे बाहेर आले. आवाज खरा आहे, बनावट नाही, हे खरेच. ऐकताना मीही हललो. पण एकाला विचारलेले नाही आणि दुसऱ्याने आधी नको म्हटलेले, अशा दोघांना त्यात सामील केले आहे. वारसांची परवानगी होती, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. वारसाला घर मिळते, पैसा मिळतो, हक्कही मिळतात. काय गायचे आणि काय कपाटात ठेवायचे याची पारख वारशाने मिळत नाही.

क्वीननेही पुढे हात सैल सोडलाच. २०१४ मध्ये फ्रेडी आणि मायकल जॅक्सन यांचे १९८३ मधले एकत्र गाणे काढले. दोन्ही गायक हयात नाहीत आणि दोघांनीही जिवंतपणी ते बाहेर आणले नव्हते. २०२२ मध्ये 'फेस इट अलोन' आले. 'द मिरॅकल'च्या वेळचे, टेपेतून वाचवता येणार नाही असे समजून बाजूला ठेवलेले. मी ते ऐकले, आवडलेही. पण 'मेड इन हेवन'च्या वेळी जो माणूस आपल्या मागे काय ठेवायचे ते ठरवून गायला, त्यानेच १९८८ मध्ये मागे सारलेली गोष्ट पुन्हा 'नवे गाणे' म्हणून विकण्याची गरज मला कळली नाही.

इथे दोष फक्त कंपन्यांवर टाकून चाहत्यांना सुटता येत नाही. आम्हाला आणखी हवे असते. फ्रेडी शाळेत असताना पाचगणीला सेंट पीटर्समध्ये होता, तिथे 'द हेक्टिक्स' नावाच्या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे महाराष्ट्रातला प्रत्येक क्वीनवेडा अभिमानाने सांगतो. फारुख बुलसारा हे मूळ नावही सांगतो. जन्म झांझिबारचा, आडनाव बलसाडचे, नाव लंडनला झाले. आपला वाटा शाळेच्या सात-आठ वर्षांचा, पण आपण तो सोडत नाही. उद्या पाचगणीच्या एखाद्या माळ्यावर त्या पोरांची टेप सापडली, तर बारा वर्षांच्या मुलाचा तो पियानो ऐकायला आम्ही रांग लावू. त्यावर कुणी ऑर्केस्ट्रा चढवला तरी विकत घेऊ. मागणी ही अशी असते आणि म्हणून ठरवण्याचे काम मागणीवर सोडता येत नाही.

आता तर टेप सापडायचीही गरज उरलेली नाही. फ्रेडीच्या आवाजात त्याने कधी न ऐकलेली गाणी इंटरनेटवर ढिगाने आहेत. आपल्याकडे २०२४ च्या एका तमिळ चित्रपटात ए. आर. रेहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने उभे करून गाणे केले. कुटुंबांची परवानगी घेतली, मोबदला दिला आणि तसे जाहीर सांगितले. सचोटीने केलेले काम आहे, त्यामुळेच त्यावर बोलायला हवे. माझ्या पहिल्या प्रश्नावर तेही अडते. ते दोघे हे गाणे गायलेच नाहीत.

कायदा कुठे आहे? जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंहच्या आवाजाची यंत्राने नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखले. गायकाचा आवाज हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे, हे तत्त्व त्यामागे आहे. चांगले झाले. पण तो जिवंत गायक होता, स्वतः कोर्टात जाऊ शकला. गेलेल्यांचे काय? सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले की असे हक्क माणसाबरोबरच संपतात, वारसांकडे जात नाहीत. यात एक विचित्र पोकळी तयार होते. जिवंत असेपर्यंत आवाज तुमचा आणि गेल्यावर ज्याच्याकडे संगणक त्याचा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने २०२४ मध्ये आवाजाला संरक्षण देणारा कायदा केला, तो मृत्यूनंतरही लागू होतो. आपल्याकडे तसे काही व्हायचे आहे.

ते होईल तेव्हा हक्क वारसांच्या हाती देऊन मोकळे होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. गायकाने हयातीत लिहून ठेवलेली संमती हा पाया असावा. तशी नसेल तर त्याने खरोखर गायलेले जे आहे ते जसेच्या तसे, अर्धवट असेल तर अर्धवट, ऐकायला मिळावे. न गायलेले कुणी गाववू नये. यावर लोक म्हणतील की मग किती तरी सुंदर गोष्टी जगासमोर येणारच नाहीत. खरे आहे, नाही येणार. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस गेल्यावर तिच्या रेकॉर्ड कंपनीच्या ब्रिटनमधल्या प्रमुखाने तिचे डेमो नष्ट केल्याचे २०१५ मध्ये जाहीर केले, का तर पुढे कुणी त्यांचा वापर करू नये. मला ते टोकाचे वाटते. ठेवायचे आणि हात लावायचा नाही, हेही जमायला हवे. पण कुठल्या तरी टोकाला जायचेच झाले तर मी त्या बाजूला जाईन.

उलट बाजूचा सर्वांत जड मुद्दा मला माझ्याच लाडक्या अल्बमने दिला आहे. फ्रेडीची संमती ही तोंडी होती आणि ती आपल्याला कळते ती ब्रायनच्या तोंडून. अल्बम विकण्यात ज्याचा फायदा, तोच साक्षीदार. यावर माझ्याकडे पुरावा असा एकच आहे, तो म्हणजे माँत्रोच्या त्या टेपा. ड्रम मशीनच्या ठेक्यावर, रिकाम्या जागा सोडून, ओळीमागून ओळ गायलेला आवाज. बाकी काही पुढे भरले जाणार हे गृहीत धरल्याशिवाय कुणी तसे गात नाही. बँडचा बासवादक जॉन डीकनचे वागणेही मी या हिशेबात धरतो. १९९७ मध्ये एका गाण्यात वाजवून तो बाजूला झाला. क्वीनच्या नावाने पुढे गायक पॉल रॉजर्सबरोबर २००८ चा अल्बम झाला, गायक अॅडम लॅम्बर्टबरोबर दौरे झाले, तो कशातच नव्हता. 'मेड इन हेवन'ला मात्र तो होता. चौघांची नावे खरेपणाने छापता येतील असे शेवटचे काम तेच, म्हणून माझ्या लेखी शेवटचा अल्बमही तोच. सीडीच्या शेवटी बावीस मिनिटांचा जो नाव नसलेला धूसर आवाजांचा ट्रॅक आहे, तो धरून की सोडून, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी सोडून ऐकतो.

२०२४ मध्ये क्वीनच्या गाण्यांचे हक्क सोनीने सुमारे एक अब्ज पौंडांना घेतल्याच्या बातम्या आल्या. एवढी रक्कम मोजणारा कपाट बंद ठेवण्यासाठी मोजत नाही. ब्रायन १९४७ चा, रॉजर १९४९ चा. 'मदर लव्ह'चे शेवटचे कडवे कधीच फ्रेडीच्या आवाजात तयार करू नये, असे आज म्हणू शकतील अशी माणसे तीनच उरली आहेत. कपाटात काय आहे, त्यातले काय फ्रेडीने बाहेर काढायला सांगितले होते आणि कशाला हात लावायचा नाही, हे त्यांनी आत्ताच लिहून जाहीर करावे. जॉन डीकन एरवी कशावर बोलत नाही. या कागदावर त्याची सही मिळाली, तर बाकी दोघांच्या सह्यांपेक्षा माझा तिच्यावर जास्त भरवसा असेल.